होनोलुलू ते पोह्नपेई: ४९७० किलोमीटरला साडेदहा तास कसे लागतात?

प्रश्न एका प्राध्यापक बाईंचा आहे. हवाईतल्या होनोलुलूची परिषद आटोपून त्यांना मायक्रोनेशियातल्या पोह्नपेई बेटावर जायचंय, तिथले नान मडोल या जुन्या दगडी वस्तीचे अवशेष बघायला. अंतर काढून देणाऱ्या एका संकेतस्थळावर दोन विमानतळांमधलं अंतर ४९७० किलोमीटर आणि उड्डाणाचा वेळ ६ तास ४३ मिनिटं दिसतोय. तिकिटावर मात्र सोमवारी सकाळी साडेसातला प्रस्थान आणि मंगळवारी दुपारी तीनला आगमन असं छापलंय. ‘खरं कोणतं धरायचं, आणि मधला एवढा वेळ जातो कुठे?’ असं त्या विचारतात.

अंतर बरोबर आहे आणि तिकीटही बरोबर आहे. संकेतस्थळावरचा वेळ ज्या विमानाचा आहे ते विमान अस्तित्वातच नाही, एवढाच घोळ आहे.

मी फ्लाइट डिस्पॅचर आहे. विमान कुठल्या वाटेनं न्यायचं, किती इंधन भरायचं, वाटेत काही बिनसलं तर कुठे उतरवायचं, हे जमिनीवर बसून ठरवायचं आणि त्या कागदावर कॅप्टनच्या बरोबरीनं जबाबदारी घ्यायची, हे माझं काम. पॅसिफिकच्या वाटा बरीच वर्षं माझ्या टेबलावरून गेल्या आहेत, त्यामुळे जरा विस्तारानं सांगतो.

आधी तो ६ तास ४३ मिनिटांचा आकडा कुठून आला ते बघू. ४९७० ला ८०० नं भागा. ६ तास १३ मिनिटं येतात. त्यात अर्धा तास मिळवा. झाले ६ तास ४३ मिनिटं. म्हणजे यंत्रानं दोन विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेतले, पृथ्वीच्या गोलावरचं कमीत कमी अंतर काढलं, ताशी ८०० किलोमीटरचा वेग धरला आणि चढण्या-उतरण्याचा म्हणून अर्धा तास जोडला. मुंबई-दिल्ली किंवा मुंबई-दुबईसारख्या मार्गांवर हा हिशेब बऱ्यापैकी जुळतो, कारण तिथे विमान खरोखरच इथून उठतं आणि तिथे उतरतं. त्या यंत्राला ‘या दोन ठिकाणांमध्ये सरळ विमान आहे का?’ हे कोणी विचारलेलंच नसतं. विचारलं असतं, तरी त्याच्याकडे उत्तर नाही.

होनोलुलूहून पोह्नपेईला विनाथांबा नियमित विमान नाही. जे आहे त्याला सगळे ‘आयलंड हॉपर’ म्हणतात. एअर मायक्रोनेशिया नावाच्या कंपनीनं १९६८ साली बोइंग ७२७ घेऊन ही बेटांची साखळी जोडायला सुरुवात केली. पुढे ती सेवा कॉन्टिनेंटल या अमेरिकी विमान कंपनीच्या नावानं चालली आणि आता युनायटेड ही अमेरिकी कंपनी ती बोइंग ७३७-८०० विमानानं चालवते. पश्चिमेकडे जाणाऱ्या फेरीचा क्रमांक १५४, परतीचा १५५. होनोलुलूहून निघायचं आणि माजुरो, क्वाजालेन, कोस्राए, पोह्नपेई, चूक (हेही बेटाचंच नाव) असे थांबे घेत ग्वाम या अमेरिकी बेटावर पोचायचं. ही फेरी रोज नसते, आठवड्यातले मोजकेच दिवस असते, आणि एखाद्या दिवशी एखादं बेट गाळलंही जातं. त्यामुळे तुमच्या तारखेला नेमके कोणते थांबे आहेत, ते तिकिटावर बघून घ्या.

आता थांब्याथांब्यांमधली अंतरं बघा. होनोलुलू ते माजुरो ३६७० किलोमीटर. माजुरो ते क्वाजालेन ४३०. क्वाजालेन ते कोस्राए ६४५. कोस्राए ते पोह्नपेई ५५५. बेरीज ५३०० किलोमीटर. सरळ रेषेपेक्षा फक्त ३३० किलोमीटर जास्त, म्हणजे सात टक्क्यांच्याही आत. बेटं जवळजवळ एका माळेतच पडलेली आहेत. त्यामुळे ‘विमान वळसे घालत जातं म्हणून वेळ लागतो’ हे जे सांगितलं जातं, ते निदान या मार्गाला लागू नाही. अंतर वाढलेलंच नाही. वेळ वाढलाय, आणि तो उतरण्या-चढण्यात आणि जमिनीवर वाढलाय.

पहिला टप्पा आमच्या पद्धतीनं मांडून दाखवतो. आम्ही नॉटिकल मैलांत मोजतो (एक म्हणजे १.८५२ किलोमीटर), आणि ताशी एक नॉटिकल मैल म्हणजे एक नॉट. होनोलुलू ते माजुरो १९८० नॉटिकल मैल. ७३७-८०० चा हवेतला वेग त्या उंचीवर साधारण ४५० नॉट. वारा नसता तर ४ तास २४ मिनिटं लागली असती. पण पश्चिमेकडे जाताना पहिल्या पल्ल्यात समोरून वारा मिळतो. तो सरासरी २५ नॉटचा धरला तर जमिनीच्या हिशेबानं वेग उरला ४२५ नॉट आणि वेळ झाला ४ तास ४० मिनिटं. चढताना आणि उतरताना विमान पूर्ण वेगात नसतं, त्याची दहा मिनिटं. होनोलुलूत गेटपासून धावपट्टीपर्यंत रांगत जाणं आणि माजुरोला उतरल्यावर उभं राहणं, यांची मिळून वीस. झाले ५ तास १० मिनिटं. चाकांखालचे अडसर काढल्यापासून पुन्हा लावेपर्यंतचा हा वेळ, त्याला आम्ही ब्लॉक टाइम म्हणतो. तिकिटावर छापतात तो हाच. ‘विमान हवेत किती वेळ होतं’ हा वेगळा आकडा, तो तिकिटावर नसतो.

या टप्प्यात तुम्ही तीन हजार सहाशे किलोमीटर पाच तासांत कापलेत, म्हणजे ताशी सातशे किलोमीटरच्या वर. पुढचा टप्पा बघा. माजुरो ते क्वाजालेन फक्त ४३० किलोमीटर. पूर्ण वेगात अर्ध्या तासाचं काम. वेळापत्रकात मात्र त्याला ५५ मिनिटं धरावी लागतात. कारण विमान वर चढतंय न चढतंय तोच खाली यायला लागतं, त्यात दोन्हीकडचं जमिनीवरचं रांगणं. सरासरी ताशी पावणेपाचशे किलोमीटर पडते. क्वाजालेन ते कोस्राए सव्वा तास, कोस्राए ते पोह्नपेई एक तास पाच मिनिटं. चारही टप्प्यांची बेरीज ८ तास २५ मिनिटं. प्रत्येक थांब्यावर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं धरा, तीन थांब्यांचे दोन तास पाच मिनिटं. झाले साडेदहा तास.

तुमचं तिकीट याच हिशेबावर आहे. कल्पनेतलं सरळ विमान याच वाऱ्यातून गेलं असतं, तर त्याला ६ तास ५० मिनिटं लागली असती. वरचे जे साधारण पावणेचार तास आहेत, त्यातले वाटेतल्या ३३० जादा किलोमीटरचे जेमतेम पंचवीस मिनिटं. बाकी सगळा वेळ तीनदा जादा उतरण्याचा, तीनदा जादा चढण्याचा आणि तीन बेटांवर उभं राहण्याचा. पॅसिफिकमधला प्रवास किती लांबचा आहे हे ठरवायला मी किलोमीटरकडे सगळ्यात शेवटी बघतो. आधी थांबे किती ते बघतो, मग आठवड्यात फेऱ्या किती ते.

वाऱ्याबद्दल एक गोष्ट सांगतो, कारण शाळेत भूगोल नीट शिकलेल्यांची इथे हमखास फसगत होते. या भागात व्यापारी वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात हे आपण पाठ केलेलं असतं. मग होनोलुलूहून पश्चिमेला जाणाऱ्या विमानाला पाठीमागून वारा मिळायला हवा ना? समुद्राच्या पृष्ठभागावर जहाज हाकत असाल तर मिळेल. विमान अकरा किलोमीटर उंचीवर असतं, आणि हवाईच्या अक्षांशावर त्या उंचीला वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून येतो, हिवाळ्यात तर जोरात. होनोलुलू-ग्वाम या सरळ विमानाचं वेळापत्रक काढून बघा. जाताना आठ तासांच्या आसपास, येताना त्याहून अर्धा-पाऊण तास कमी. अंतर दोन्ही वेळी तेच, ६१०० किलोमीटर. दक्षिणेला माजुरोच्या बाजूला उतरत जाल तसा हा वारा मंदावतो, म्हणून मी वर सरासरी पंचवीसच नॉट धरले.

तुम्ही विचारलेलं नाही, पण नकाशा बघून मनात येतंच असं एक: एवढ्या उघड्या समुद्रावरून दोन इंजिनांचं विमान सरळ रेषेत नेता येतं का? येतं, पण फुकट नाही. दोन इंजिनांच्या विमानाला एक इंजिन बंद पडलं तर ठरावीक वेळात पोचता येईल असा विमानतळ कायम आवाक्यात ठेवावा लागतो, आणि हा वेळ वाढवून घ्यायचा तर विमानाला आणि कंपनीला तशी खास मान्यता लागते. पॅसिफिकमध्ये ती १८० मिनिटांपर्यंतची असली की काम भागतं. होनोलुलू आणि माजुरोच्या बरोबर मध्यावर तुम्ही दोन्हीकडून ९९० नॉटिकल मैलांवर असता. एका इंजिनावर ४०० नॉट वेग धरला तर अडीच तासांत कुठल्याही बाजूला पोचता. १८० मिनिटांच्या आत बसलं, म्हणून रेषा सरळ मारता येते. पूर्वी या वाटेवर जॉन्स्टन बेटाची धावपट्टी होती आणि आयलंड हॉपर तिथे थांबतही असे. आता ती बंद आहे.

इंधनाचा हिशेब मात्र इंजिन बंद पडण्यावर संपत नाही. केबिनमधला हवेचा दाब गेला, तर विमानाला दहा हजार फुटांपर्यंत खाली यावं लागतं आणि खालच्या जाड हवेत ते अधाशासारखं इंधन पितं. वाटेतल्या सगळ्यात वाईट बिंदूवर हे घडलं असं समजून तेवढं इंधन टाकीत ठेवावं लागतं. ते बहुतेक वेळा वापरलं जात नाही, पण त्याचं वजन मात्र दर फेरीला वाहून न्यावं लागतं. वाटेतले विमानतळ नुसते कागदावर नसतात याचं उदाहरण हवं असेल तर जुलै २०१४ मधलं घ्या. होनोलुलूहून ग्वामला निघालेलं एक बोइंग ७७७ केबिनमध्ये जळका वास आल्यामुळे मिडवे बेटावर उतरवलं होतं. त्या बेटावर पक्षी लाखोंनी आणि माणसं मोजकीच. धावपट्टी तिथे राखून ठेवलेली आहे ती अशाच प्रसंगांसाठी.

मायक्रोनेशियाच्या बेटांना त्यातल्या त्यात एक सुख आहे की त्यांना शेजार आहे. माजुरो पावसानं झाकलं गेलं तर क्वाजालेन आहे, पोह्नपेई बंद असेल तर कोस्राए किंवा चूक. पॅसिफिकच्या दुसऱ्या टोकाला ईस्टर बेट घ्या, तिथे वळवायला शेजारी कोणी नाहीच. अशा एकट्या विमानतळावर जाताना पोचल्यावर दोन तास हवेत काढता येतील इतकं इंधन बरोबर ठेवायचा नियम आहे. तुमच्या मार्गावर तेवढी वेळ येत नाही.

आता बेटांवरच्या थांब्यांबद्दल, कारण तुमचे दोन तास तिथे जाणार आहेत आणि खरी मजाही तिथेच आहे.

माजुरो म्हणजे प्रवाळाची चिंचोळी पट्टी. उतरताना एका बाजूच्या खिडकीतून खुला समुद्र दिसतो, दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून आतलं शांत लगून, म्हणजे प्रवाळानं वेढलेलं पाणी, आणि मध्ये जमीन म्हणून जी आहे ती बहुतेक धावपट्टीच. या धावपट्टीचं आणखी एक काम आहे. बेटावर नदी नाही, डोंगर नाही. म्हणून धावपट्टीवर पडणारा पाऊस कडेच्या चरांतून गोळा करून शेजारच्या तलावांत साठवतात, आणि तेच पाणी शुद्ध करून गावाला देतात. विमानतळ हाच गावाचा पाणलोट, असं दुसरीकडे मी पाहिलेलं नाही. आपल्याकडच्या मर्चंट नेव्हीतल्या मंडळींना माजुरो हे नाव अगदी तोंडपाठ असतं, कारण मार्शल बेटांचा झेंडा लावणारी जहाजं जगात हजारोंनी आहेत आणि त्यांच्या मागच्या बाजूवर नोंदणीचं बंदर म्हणून हेच नाव रंगवलेलं असतं. त्यातल्या बहुतेकांनी बंदर कधी पाहिलेलं नसतं. तुम्ही पाऊण तास तरी पाहाल.

क्वाजालेन हा अमेरिकी लष्कराचा तळ आहे. तळाची परवानगी असलेले प्रवासीच तिथे उतरतात, बाकीच्यांनी जागेवर बसून राहायचं. फोटो काढायला मनाई आहे आणि ती गमतीत घेऊ नका. इतर बेटांवर पाय मोकळे करायला उतरता येतं, पण हातातलं सामान बरोबर घेऊन उतरावं लागू शकतं, कारण थांब्यांवर केबिनची झडती होते. ‘चाळीस मिनिटं नुसतं उभं राहायचं’ असं वाटतं, पण त्या चाळीस मिनिटांत माणसं उतरणं-चढणं, सामान, टपाल, इंधन, झडती, पुढच्या टप्प्याचं हवामान, सगळं उरकायचं असतं.

या फेरीवर विमानात एक मेकॅनिक बरोबर असतो. बेटांवर ७३७ दुरुस्त करणारा माणूस बसलेला नसतो, सुटे भागही नसतात. म्हणून माणूस आणि थोडे सुटे भाग दोन्ही विमानातूनच हिंडतात. वैमानिकांच्या दोन जोड्या असतात, कारण ग्वामपर्यंतचा दिवस एका जोडीच्या कामाच्या तासांत बसत नाही. थांब्यावर कोणी पिवळं जाकीट घालून चाकाजवळ वाकून बघताना दिसला, तर तो बहुधा तुमच्याच विमानातून आलेला असतो.

धावपट्ट्या आखूड आहेत. कोस्राए, पोह्नपेई आणि चूकच्या धावपट्ट्या दोन किलोमीटरच्या आतबाहेरच्या. पुण्याची अडीच किलोमीटर आहे, आणि तिलाही आपण आखूडच म्हणतो. त्यात ओली धावपट्टी. पोह्नपेईला वर्षाला साडेचार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि आपल्यासारखा चार महिने नाही, बाराही महिने. ओल्या आखूड धावपट्टीवर उतरायचं-उठायचं तर वजनावर मर्यादा येते. इंधन कमी करता येत नाही. माणसं तिकीट काढून बसलेली. मग कात्री कशाला लागते? मालाला आणि कधीकधी तुमच्या बॅगेला. ‘बॅग पुढच्या फेरीनं येईल’ हे वाक्य इथे ऐकू येऊ शकतं, आणि पुढची फेरी उद्या नसते. म्हणून औषधं, एक दिवसाचे कपडे आणि कॅमेऱ्याचा चार्जर हातातल्या पिशवीत ठेवा. बॅगांच्या पट्ट्यावर सुटकेसपेक्षा चिकटपट्टीनं गच्च बांधलेले आइसबॉक्सच जास्त दिसतील. बेटांवरची माणसं मासे आणि खाण्याचं सामान त्यातूनच नेतात.

पाऊस जोरात असेल आणि वैमानिकानं उतरता उतरता पुन्हा उचलून चक्कर मारली, तर घाबरू नका आणि कुरकुरूही नका. २८ सप्टेंबर २०१८ रोजी चूकला एअर न्यूगिनीचं विमान पावसात धावपट्टीच्या अलीकडेच लगूनमध्ये उतरलं. ४७ जण होते. गावकऱ्यांनी होड्या घालून बहुतेकांना वाचवलं, एक प्रवासी गेला. दहा मिनिटांची चक्कर त्यापेक्षा केव्हाही स्वस्त.

आता तुमच्या ‘सोमवार ते मंगळवार’कडे येऊ. होनोलुलूचं घड्याळ जागतिक वेळेच्या (यूटीसी) दहा तास मागे, पोह्नपेईचं अकरा तास पुढे. फरक एकवीस तास. सोमवारी सकाळी साडेसातला निघालात, साडेदहा तास प्रवास केलात, तुमच्या हातातलं होनोलुलूचं घड्याळ सोमवार संध्याकाळचे सहा दाखवतंय. त्यात एकवीस मिळवा. मंगळवार दुपारचे तीन. दिवस हरवलेला नाही, तो तुम्ही वार-रेषा ओलांडताना आगाऊ खर्च केलात. डोकं फिरू द्यायचं नसेल तर आम्ही करतो ते करा. दोन्ही वेळा जागतिक वेळेत बदला आणि वजा करा. सुटणं सोमवार १७:३०, पोचणं मंगळवार ०४:००. साडेदहा तास. तिकिटावर कुठल्याही गावाची वेळ असो, ही रीत चुकत नाही.

वाटेत घड्याळ आणखी एक गंमत करतं. माजुरो आणि क्वाजालेन जागतिक वेळेच्या बारा तास पुढे, कोस्राए अकरा. क्वाजालेनहून कोस्राएला सव्वा तास लागतो आणि घड्याळ एक तास मागे येतं, म्हणजे बारा वाजता निघून सव्वाबाराला पोचता. वेळापत्रकात हे बघून ‘छपाईची चूक असणार’ असं कितीतरी जणांना वाटतं. क्वाजालेनचा वार तर ऑगस्ट १९९३ पर्यंत अमेरिकेबरोबर चालत असे, म्हणजे शेजारच्या माजुरोला मंगळवार तेव्हा तिथे सोमवार. मग एक शनिवार गाळून त्यांनी वार जुळवून घेतला. याहून मोठा चमत्कार हवा असेल तर सामोआत मिळेल. सामोआच्या अपियाजवळचा विमानतळ आणि अमेरिकन सामोआतलं पागो पागो यांच्यात अंतर दीडशे किलोमीटर, लहान विमानानं पाऊण तासाच्या आत पोचता, आणि घड्याळांत फरक बरोबर चोवीस तासांचा. सामोआनं ३० डिसेंबर २०११ हा दिवस गाळून वार-रेषेची बाजू बदलली, अमेरिकन सामोआ जिथे होता तिथेच राहिला. सोमवारी सकाळी निघालेला माणूस रविवारी सकाळी पोचतो.

तुम्हाला खरी काळजी घ्यायला हवी ती परतीची, कारण पैसे तिथे बुडतात. समजा तुम्ही पोह्नपेईहून मंगळवारी दुपारी एकला परत निघालात. होनोलुलूत तेव्हा सोमवार दुपारचे चार वाजलेत. साडेदहा तासांनी तुम्ही उतरता मंगळवारी पहाटे अडीचला. म्हणजे निघालात त्याच तारखेला, निघालात त्याच्या साडेदहा तास ‘आधी’. हॉटेल मंगळवारच्या रात्रीचं घेतलंत तर पहाटे अडीचला दार उघडणारं कोणी नाही. खोली सोमवारच्या रात्रीची घ्यायची आणि उशिरा येणार असं कळवून ठेवायचं. पुढचं विमान पकडायचं असेल तर तेही तारीख बघून.

मुळात परत होनोलुलूला यायलाच हवं का, हेही बघा. तुम्हाला शेवटी मुंबईला यायचंय. होनोलुलू मुंबईपासून सरळ रेषेत जवळजवळ १२,९०० किलोमीटर आहे, ग्वाम साधारण ७६५० किलोमीटर. पोह्नपेई बघून त्याच विमानाच्या पुढच्या फेरीनं चूकमार्गे ग्वाम, तिथून मनिला आणि मग घर, असं एका दिशेचं तिकीट बसवलं, तर पॅसिफिक दुसऱ्यांदा ओलांडावा लागत नाही. पोह्नपेई ते चूक ७०० किलोमीटर, चूक ते ग्वाम १०२०, थांब्यासकट चार तासांच्या आसपास. उलट, आयलंड हॉपरच्या दिवसाशी तुमची तारीख जुळत नसेल, तर होनोलुलू-ग्वाम सरळ आणि ग्वामहून मागे पोह्नपेई हाही रस्ता आहे. अंतर ७७०० किलोमीटरच्या वर जातं, म्हणजे दीडपटीहून जास्त, पण ग्वामचं जोडविमान नीट मिळालं तर वेळ फारसा वाढत नाही. ग्वामला वादळांचा हंगाम मात्र ध्यानात ठेवा. मे २०२३ मध्ये मावार चक्रीवादळानंतर तिथला विमानतळ प्रवाशांसाठी काही दिवस बंद होता आणि माणसं हॉटेलांत अडकून पडली होती. या मार्गावर फिरताना शेवटच्या विमानाच्या आधी दोन मोकळे दिवस ठेवावेत. एक फेरी रद्द झाली की पुढची परवा-तेरवा असते.

व्हिसाचं एकच सांगतो. होनोलुलू आणि ग्वाम दोन्ही अमेरिकेच्या हद्दीत, पोह्नपेई नाही. पोह्नपेईला गेलात म्हणजे अमेरिकेबाहेर पडलात, आणि दोन्हींपैकी कुठल्याही बाजूनं परत आलात तरी पुन्हा अमेरिकेत प्रवेश करावा लागणार. तुमचा अमेरिकेचा व्हिसा एकाच प्रवेशाचा तर नाही ना, ते तिकीट काढायच्या आधी बघा.

राहिलं नान मडोल. विमानतळ बेटाच्या उत्तरेला कोलोनिया गावाजवळ, अवशेष आग्नेयेच्या किनाऱ्याला. मंगळवारी तीनला उतरून इमिग्रेशन आणि बॅग उरकेपर्यंत चार वाजतील, त्या दिवशी काही होणार नाही. बोटीनं जायचं असेल तर पाणी चढलेलं असताना जावं लागतं, ओहोटीला त्या दगडी वाड्यांमधल्या पाण्याच्या वाटा उथळ होतात. तेव्हा हॉटेलवाल्यांना आधीच लिहून बुधवारच्या भरतीची वेळ विचारून घ्या आणि बोट त्या बेतानं सांगून ठेवा.